फुप्फुसकार्य मापन, लोकसमूहातील

एखाद्या गावातील, कारखान्यातील अथवा शहराच्या विशिष्ट भागातील अनेक व्यक्तींच्या फुप्फुसांचे कार्य एकाच ठराविक पद्धतीने मोजून त्या समूहाच्या श्वसनविषयक स्वास्थ्यासंबंधी अनुमान काढण्याच्या तंत्रास लोकसमूहातील फुप्फुसकार्य मापन असे म्हणतात. खाणी व गिरण्यांतील धूळ, तंबाखूचे सेवन, चुलीचा धूर व शहरी हवेचे प्रदूषण यांचे दुष्परिणाम, दमा व चिरकारी अवरोधी फुप्फुसविकार (सीओपीडी) यांचा प्रसार, तसेच मुलांच्या फुप्फुसांची वाढ यांच्या अभ्यासात या तंत्राचा उपयोग होतो. उपकरण हातात मावण्याइतके लहान व परीक्षण काही मिनिटांत उरकणारे असल्याने ते सोपे आहे असा समज होतो. वस्तुस्थिती तशी नाही. वजन किंवा रक्तदाब मोजताना व्यक्तीने स्वस्थ राहिले म्हणजे पुरते. येथे मात्र तिने आपली सर्व शक्ती पणास लावली तरच खरी संख्या मिळते. परीक्षित व्यक्ती, तंत्रज्ञ व उपकरण या तिघांपैकी एकानेही कुचराई केली, तर येणारी संख्या बहुधा खऱ्यापेक्षा कमी असते आणि रोगामुळेही संख्या कमीच होते. त्यामुळे सदोष मापन व रोग यांच्यात केवळ संख्येवरून भेद करता येत नाही. अशा सर्वेक्षणांच्या गुणवत्तेचा सर्व प्रश्न या एका गोष्टीतून उद्भवतो.

परीक्षणाचे स्वरूप : व्यक्ती नाकाला चिमटा लावून शक्य तितका खोल श्वास घेते, मुखनलिकेभोवती ओठ घट्ट मिटते आणि फुप्फुसांतील हवा एकदम, संपूर्ण जोराने व अखेरपर्यंत बाहेर टाकते. अशा रीतीने बाहेर पडलेल्या एकूण हवेच्या आकारमानास सवेग जैव धारिता, तर त्यांपैकी पहिल्या सेकंदात बाहेर पडलेल्या हवेस प्रथम-सेकंद उच्छ्वास म्हणतात. वैद्यकीय व्यवहारात ही दोन मापे अनुक्रमे एफव्हीसी व एफईव्ही-१ या आद्याक्षरांनी ओळखली जातात. श्वासमार्ग अरुंद झाले असतील, तर पहिल्या सेकंदातील हवा विशेष घटते व दोहोंचे गुणोत्तर कमी होते. फुप्फुसे ताठर झाली असतील, तर दोन्ही मापे बरोबरीने घटतात [⟶ श्वसन तंत्र]. निरोगी तरुणात हे गुणोत्तर सामान्यतः ०·८०च्या आसपास असते व वयाबरोबर ते हळूहळू उतरते.

इतिहास : इंग्लिश वैद्य जॉन हचिन्सन (१८११–६१) यांनी पाण्यात उलट्या ठेवलेल्या भांड्याचा श्वासमापक बनविला व १८४६ मध्ये २,१३० व्यक्तींच्या मापनांवर आधारलेला प्रबंध प्रसिद्ध केला. जैव धारिता ही संज्ञा त्यांचीच. सैनिक, पोलीस, मुष्टियोद्धे, असाधारण उंच व ठेंगू माणसे अशा नाना प्रकारच्या लोकांची मापे घेऊन त्यांनी ही धारिता उंचीच्या प्रमाणात वाढते हे दाखवून दिले. म्हणजे हे तंत्र जन्मतःच लोकसमूहाच्या मापनाचे होते. रुग्णालयात ते नंतर रुजले. आयुर्विमा कंपन्यांना त्याचा उपयोग होईल अशी हचिन्सन यांची अपेक्षा होती. काळाचे परिमाण मात्र त्यात नव्हते. १९४७ मध्ये तिफनो व पिनेली या फ्रान्समधील संशोधकांनी पहिल्या सेकंदातील उच्छ्वास मोजण्याची पद्धत सुचविली आणि श्वासमार्गांतील अवरोध संख्येत सांगणे शक्य झाले. १९५९ मध्ये राइट व मॅकेरो यांनी उच्छ्वासाचा कमाल वेग दाखविणारे सुटसुटीत उपकरण ब्रिटनमध्ये प्रचारात आणले. दम्याच्या रुग्णाला घरी वापरण्यास ते उत्तम आहे. परंतु त्यात हवेच्या आकारमानाचा आलेख मिळत नसल्याने प्रयत्न पुरा झाला की नाही हे पाहता येत नाही व मोठ्या सर्वेक्षणात एकट्या त्यावर विसंबणे इष्ट ठरत नाही.

दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटनमधील कोळसाखाण-कामगारांच्या अभ्यासातून मोजणाऱ्याच्या चुकीकडे प्रथम गांभीर्याने पाहिले गेले. आर्चिबॉल्ड कॉक्रन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५१ मध्ये असे दाखविले की, सारख्याच कामगारांतून निवडलेल्या गटांना निरनिराळ्या डॉक्टरांनी खोकला, कफ यांविषयी विचारले असता लक्षणांचे प्रमाण गटागटांत लक्षणीय वेगळे येते. हा फरक कामगारांतील नसून विचारणाऱ्यांतील होता. यातूनच पुढे १९६० मध्ये ब्रिटिश मेडिकल रिसर्च कौन्सिलची ठराविक शब्दांतील प्रश्नावली तयार झाली. प्रश्नांना जे लागू तेच फुंकण्याच्या परीक्षणालाही लागू आहे, हे ओळखण्यास मात्र आणखी काही वर्षे लागली. अमेरिकन थोरॅसिक सोसायटीने युटा राज्यातील स्नोबर्ड येथील चर्चासत्रानंतर १९७९ मध्ये श्वासमापनाचे प्रमाण नियम प्रसिद्ध केले. १९८७ व १९९४ मध्ये त्यांत सुधारणा झाल्या आणि २००५ व २०१९ मध्ये युरोपियन रेस्पिरेटरी सोसायटीसह त्यांची संयुक्त आवृत्ती निघाली.

चुकीचे प्रमाण व परिणाम : प्रौढ व्यक्तीत साधारण पंचविशीनंतर प्रथम-सेकंद उच्छ्वास दर वर्षी सु. २५ ते ३० मिलि.ने कमी होतो. चार्ल्स फ्लेचर व रिचर्ड पेटो यांनी १९७७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निष्कर्षांनुसार धूम्रपानास संवेदनशील असलेल्या लोकांत हा ऱ्हास बराच जलद होतो व धूम्रपान सोडल्यास त्याचा वेग पुन्हा सामान्याच्या जवळ येतो. यासाठी लंडनमधील ७९२ पुरुषांची मापे सु. आठ वर्षे ठराविक अंतराने घेण्यात आली होती. वर्षाला काही दशक मिलिलिटर एवढ्या सूक्ष्म फरकावर असे निष्कर्ष उभे असतात. उलट, एकाच व्यक्तीने पाठोपाठ केलेल्या दोन उत्तम प्रयत्नांतही १०० ते १५० मिलि.चा फरक असू शकतो. एका व्यक्तीच्या बाबतीत म्हणूनच वर्षभरातील घट ओळखणे जवळजवळ अशक्य असते.

समूहाच्या बाबतीत ते शक्य होते, कारण यादृच्छिक चुका परस्परांना छेदतात. समान वय व उंचीच्या पुरुषांत या मापाचे प्रमाण विचलन सु. ५०० मिलि. असते, एक हजार व्यक्तींची सरासरी घेतली, तर तीमधील प्रमाण चूक सु. १६ मिलि.पर्यंत उतरते. परंतु सर्व मापांना एकाच दिशेने ओढणारी चूक, म्हणजे संख्याशास्त्रात जिला अभिनती म्हणतात ती, व्यक्तींची संख्या हजारावरून लाखावर नेली तरी तसूभरही कमी होत नाही. उलट मोठ्या संख्येमुळे ती अधिक निश्चित सत्य असल्यासारखी भासते. मोठ्या सर्वेक्षणात थोड्याफार चुका सामावून जातात असे पुष्कळदा म्हटले जाते. ते या दुसऱ्या प्रकारच्या चुकांबाबत खरे नाही.

याचे बोधप्रद उदाहरण अमेरिकेतील व्हर्माँट राज्यातील ग्रॅनाइट-कामगारांचे आहे. बॅरी या गावाच्या परिसरात ग्रॅनाइट कापण्याचा व घडविण्याचा मोठा उद्योग आहे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात तेथील बंदिस्त शेडमध्ये वायुचलित छिन्न्यांनी काम करणारे कारागीर सिलिकोसिस व त्यावर जडणारा क्षयरोग यांनी मोठ्या संख्येने दगावत. १९३० नंतरच्या दशकाच्या अखेरीस धूळ शोषून घेणारी यंत्रणा बसविण्यात आली व रोगाचे प्रमाण झपाट्याने घटले. १९७० नंतर तेथील कामगारांच्या फुप्फुसकार्याची मापे पुन्हा घेण्यात आली. १९७० ते १९७४ या काळातील मापांवरून असे अनुमान निघाले की, धूळ कायदेशीर मर्यादेत असूनही कामगारांची फुप्फुसक्षमता नैसर्गिक ऱ्हासाच्या दुपटीहून अधिक वेगाने घटत आहे. हे खरे असेल, तर धुळीची मर्यादा अपुरी होती आणि कामावर असलेला प्रत्येक कारागीर काही वर्षांत पंगू होणार होता. १९७९ मध्ये त्या कामगारांची मापे काटेकोर तंत्राने पुन्हा घेण्यात आली, तेव्हा हा अतिरिक्त ऱ्हास आढळला नाही. १९८१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या फेरतपासणीने आधीच्या निष्कर्षाचे कारण मापनतंत्रातील उणिवांत असल्याचे दाखविले.

अशी चूक कशी घडते हे समजण्याजोगे आहे. व्यक्तीने उच्छ्वास तीन-चार सेकंदांतच थांबविला, तर शेवटची हवा फुप्फुसांत राहते व जैव धारिता कमी भरते. उपकरणास बारीकशी गळती असली, तरी तोच परिणाम होतो. पहिल्या फेरीत उपकरण ठीक व तंत्रज्ञ उत्साही आणि दुसऱ्या फेरीत उपकरण जुने व तंत्रज्ञ कंटाळलेला असा प्रकार घडला, तर मधल्या काळात सर्व समूहाची फुप्फुसे क्षीण झाल्याचा देखावा निर्माण होतो. याच्या उलटही घडते. पहिल्या फेरीत अननुभवी असलेले कामगार दुसऱ्या खेपेस फुंकण्याची कला शिकलेले असतात. त्यांची मापे सुधारतात व खरा ऱ्हास झाकला जातो. पहिल्या चुकीने मालकावर अन्याय होतो, तर दुसरीने कामगारावर. आणि दुसरीची दखल सहसा कोणी घेत नाही, कारण काही बिघडलेले नाही हा निष्कर्ष फेरतपासणीची मागणी निर्माण करत नाही. व्हर्माँटच्या फेरतपासणीचा अर्थ सिलिकेची धूळ निरुपद्रवी आहे असा मुळीच नव्हे. स्फटिकी सिलिकेच्या श्वसनाने कर्करोग होतो हे आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९७ मध्ये मान्य केले आणि अमेरिकेने २०१६ मध्ये कामाच्या ठिकाणची मर्यादा दर घ. मी.ला ५० मायक्रोग्रॅमपर्यंत खाली आणली.

उपकरण : श्वासमापक दोन प्रकारचे असतात. जुने प्रकार हवेचे आकारमान प्रत्यक्ष साठवून मोजतात, तर नवे प्रकार हवेचा वेग मोजून त्यावरून आकारमान काढतात. वेगमापक पडद्यावर ओलावा किंवा थुंकी साचल्यास, अथवा परीक्षण सुरू होताना उपकरण किंचित हलल्यास वेगाचे शून्य सरकते व आकारमान चुकते. श्राव्यातीत ध्वनीने वेग मोजणाऱ्या उपकरणांत पडदा नसल्याने हा दोष कमी असतो व क्षेत्रकार्यात ती सोयीची ठरली आहेत.

दररोज काम सुरू करण्यापूर्वी ३ लि. हवा मावणाऱ्या पिचकारीने उपकरणात हवा भरून ते ३ लि. दाखविते की नाही हे पाहावे लागते. पिचकारी मंद, मध्यम व जलद अशा तीन वेगांनी दाबतात, कारण काही उपकरणे एका वेगाला खरी व दुसऱ्याला खोटी असतात. फरक शेकडा ३ च्या आत असावा अशी अपेक्षा आहे. ही सवलत मोठी वाटत नाही; पण ३ लि.चे शेकडा ३ म्हणजे ९० मिलि., अर्थात तीन वर्षांचा नैसर्गिक ऱ्हास. म्हणून उपकरण मर्यादेत आहे एवढ्यावर समाधान न मानता रोजच्या आकड्यांची वही ठेवून ते एका दिशेने सरकत तर नाहीत ना हे पाहणे अगत्याचे असते. पिचकारीचीही गळतीसाठी तपासणी करावी लागते. याखेरीज दोन-तीन निरोगी कर्मचाऱ्यांनी दर आठवड्यास स्वतःची मापे घेण्याची पद्धत आहे. पिचकारीला न कळणारा बिघड अशा परिचित फुप्फुसांना कळतो.

तापमानाचा परिणाम विशेष लक्षात घेण्याजोगा आहे. फुप्फुसांतील हवा ३७° से. तापमानाची व बाष्पाने संपृक्त असते. उपकरणाच्या भांड्यात ती थंड होऊन आकसते. शरीरातील ३ लि. हवा खोलीचे तापमान २०° से. असता भांड्यात सु. २·७२ लि., तर ३०° से. असता सु. २·८७ लि. भरते. ही घट गणिताने भरून काढतात. परंतु त्यासाठी खोलीचे खरे तापमान नोंदलेले असले पाहिजे. सकाळी एकदा तापमान नोंदून दिवसभर तेच वापरल्यास, किंवा हिवाळ्यात एक गाव व उन्हाळ्यात दुसरे गाव तपासून तापमानाकडे दुर्लक्ष केल्यास, दोन गावांत १५० मिलि.पर्यंतचा खोटा फरक निर्माण होऊ शकतो. पत्र्याच्या शाळेत किंवा उघड्या पडवीत भरविलेल्या शिबिरात सकाळ व दुपार यांमध्येच १०° से.चा फरक पडतो.

तंत्रज्ञ : उपकरण कितीही चांगले असले, तरी माप काढतो तो तंत्रज्ञ. त्याने कृती प्रथम स्वतः करून दाखवावी, नंतर व्यक्तीच्या मुद्रेकडे लक्ष ठेवून तिला आवाजाने चेतवावे व हवा संपेपर्यंत थांबू देऊ नये अशी अपेक्षा असते. हे काम ओरडण्याचे आहे. सौजन्यपूर्ण हळू आवाजात केलेल्या सूचनांनी माप उणे येते. सूचना व्यक्तीच्या बोलीत असाव्या लागतात. ‘दीर्घ निःश्वसन करा’ असे सांगून कोणी जोराने फुंकत नाही. ‘छाती भरून घ्या, आता फुंका, फुंका, अजून, थोडे अजून’ असे सांगावे लागते. ग्रामीण भागातील स्त्रिया परपुरुषासमोर तोंड वेडेवाकडे करून जोराने फुंकण्यास संकोचतात, म्हणून पथकात स्त्री तंत्रज्ञ असणे ही सोय नसून मापनाची अट आहे. अन्यथा स्त्रियांत रोग अधिक असल्याचा भास होतो. कंबरेचा घट्ट पट्टा व सैल कवळी यांसारख्या किरकोळ गोष्टीही विचारात घ्याव्या लागतात. कवळी घट्ट बसत असेल तर ती तोंडातच राहू देतात, कारण तिच्यामुळे ओठांची पकड चांगली बसते.

किमान तीन दोषरहित प्रयत्न मिळावेत व त्यांतील सर्वोच्च दोन मापांत १५० मिलि.हून अधिक अंतर नसावे, असा प्रचलित नियम आहे. त्यासाठी प्रौढांकडून जास्तीत जास्त आठ प्रयत्न करून घेतात. त्यापुढे थकव्याने मापे उतरू लागतात. दोष ओळखण्यासाठी संख्येपेक्षा आलेख पाहणे महत्त्वाचे असते. सुरुवातीची चालढकल, पहिल्या सेकंदातील खोकला, कंठद्वार मिटल्याने आलेखाला अचानक पडणारी सपाटी व अकाली थांबविलेला उच्छ्वास या प्रत्येकाची खूण वेगळी असते. आधुनिक उपकरणे हे दोष आपोआप ओळखून पडद्यावर सूचना देतात. त्यामुळे तंत्रज्ञाचे श्रम वाचले, तरी आलेख डोळ्यांनी पाहण्याची सवय मात्र मोडू लागली आहे, हा तोटाच म्हणावा लागेल.

तंत्रज्ञांची गुणवत्ता प्रशिक्षणानंतर काही महिन्यांनी उतरते, हा सार्वत्रिक अनुभव आहे. तिच्यावर उपाय म्हणून प्रत्येक तंत्रज्ञाच्या आलेखांना दुसऱ्या तज्ञाकडून श्रेणी देऊन ती त्यास नियमितपणे कळवितात. अमेरिका व कॅनडातील दहा केंद्रांत ५,८८७ धूम्रपींवर झालेल्या व १९९४ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झालेल्या लंग हेल्थ स्टडी या अभ्यासात अशी कडक देखरेख ठेवण्यात आली होती आणि धूम्रपान सोडल्याने ऱ्हास मंदावतो हे तीत खात्रीने दाखविता आले. आणखी एक दक्षता अभ्यासाची आखणी करतानाच घ्यावी लागते. एक तंत्रज्ञ नेहमी धुळीच्या विभागात व दुसरा नेहमी कचेरीत असे काम वाटले, तर मिळालेला फरक धुळीचा की तंत्रज्ञाचा हे पुढे कोणत्याही गणिताने सांगता येत नाही. तंत्रज्ञ व उपकरणे सर्व गटांत फिरती ठेवावी लागतात आणि समोरची व्यक्ती कोणत्या गटातील आहे हे शक्यतो तंत्रज्ञास कळू देत नाहीत.

वेळ, उंची व वय : निरोगी व्यक्तीतही श्वासमार्ग पहाटे किंचित अरुंद व दुपारी रुंद असतात. कापसाच्या धुळीमुळे होणाऱ्या बिसिनोसिस या विकारात साप्ताहिक सुटीनंतरच्या पहिल्या दिवशी पाळीच्या अखेरीस छाती आवळते व प्रथम-सेकंद उच्छ्वास घटतो. मुंबई व अहमदाबाद येथील गिरणी-कामगारांतही हा विकार आढळला होता. त्याचा शोध घेताना पाळीच्या आधी व नंतर मापे घेतात. सकाळपाळीत दिवसाच्या चढाने धुळीची घट काही अंशी झाकली जाते, म्हणून धुळीशी संबंध नसलेल्या कामगारांचा गटही त्याच तासांना तपासावा लागतो. सर्दी-खोकला झालेल्यास काही आठवड्यांनी पुन्हा बोलावतात. नुकताच हृदयविकाराचा झटका आलेल्या, डोळ्याची, छातीची वा पोटाची शस्त्रक्रिया झालेल्या, अथवा कफातून रक्त पडत असलेल्या व्यक्तीस या परीक्षणात घेत नाहीत. २०२० मध्ये कोविड-१९ च्या साथीत संसर्गाच्या भीतीने अनेक ठिकाणी ही परीक्षणे थांबविण्यात आली होती. जंतुरोधक गाळणी बसविलेली एकवार वापराची मुखनलिका त्यानंतर अधिक आग्रहाने वापरली जाऊ लागली.

मिळालेले माप व्यक्तीच्या अपेक्षित मापाशी ताडून पाहतात व अपेक्षित माप उंची, वय आणि लिंग यांवरून काढतात. पुरुषांत उंचीच्या १ सेंमी. फरकाने प्रथम-सेकंद उच्छ्वासाचे अपेक्षित मूल्य सु. ४० मिलि.ने बदलते. पादत्राणे न काढता किंवा नुसते विचारून नोंदलेली उंची म्हणूनच उपयोगाची नाही. पाठीला पोक असल्यास दोन्ही हात पसरून बोटांच्या टोकांमधील अंतर मोजतात. वयाची अडचण आपल्याकडे अधिक. वृद्ध ग्रामस्थांचे वय दहाच्या पटीत सांगितले जाते. पाच वर्षांची चूक म्हणजे १२५ ते १५० मिलि. महाराष्ट्रात १९६७ चा कोयनेचा भूकंप, १९७२ चा दुष्काळ यांसारख्या घटनांच्या वेळी ती व्यक्ती केवढी होती, लग्न झाले होते काय, असे विचारून वय निश्चित करण्याची पद्धत येथे उपयोगी पडते.

अपुऱ्या प्रयत्नांचा प्रश्न : काही व्यक्तींना कितीही समजावले, तरी एकमेकांशी जुळणारी मापे देता येत नाहीत. प्रथमदर्शनी अशांची नोंद बाद करणे शास्त्रशुद्ध वाटते व १९७९ नंतर काही काळ तसे केलेही जाई. एलन आयझेन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८४ पासून प्रसिद्ध केलेल्या अभ्यासांत ही समजूत चुकीची ठरली. ज्यांची मापे जुळत नाहीत, त्यांत श्वसनाची लक्षणे व फुप्फुसकार्याची घट इतरांपेक्षा अधिक आढळते. आजारी श्वासमार्ग एकसारखे वागत नाहीत, जोराने फुंकल्यानेही ते आवळतात, हे त्याचे कारण. अशा नोंदी काढून टाकल्या म्हणजे सर्वेक्षणातून नेमके रोगीच काढून टाकले जातात व उरलेला समूह वाजवीपेक्षा निरोगी दिसतो. १९८७ च्या सुधारित नियमांत म्हणूनच असे स्पष्ट करण्यात आले की, मापांची जुळणी हे तंत्रज्ञास आणखी प्रयत्न करवून घेण्याचे मार्गदर्शन आहे. केवळ ती साधली नाही म्हणून नोंद बाद करू नये. सर्व प्रयत्नांचे आलेख जतन करणे, परीक्षण न जमलेल्यांची संख्या व कारणे अहवालात देणे आणि शिबिरास न आलेल्यांपैकी काहींना घरी जाऊन तपासणे, या गोष्टी त्यातून ओघानेच आल्या. शिबिरास न येणाऱ्यांत दम लागल्याने चालू न शकणारेही असतात, हे विसरून चालत नाही.

बहुराष्ट्रीय सर्वेक्षणे : अनेक देशांतील मापे परस्परांशी ताडायची असल्यास उपकरण, सूचना व मूल्यमापन ही तिन्ही सारखी असावी लागतात. बोल्ड या संक्षिप्त नावाने प्रसिद्ध असलेल्या अवरोधी फुप्फुसविकाराच्या सर्वेक्षणात ४० वर्षे व त्यांवरील स्त्री-पुरुष निवडण्यात आले. सर्व केंद्रांना एकाच प्रकारचे श्राव्यातीत श्वासमापक देण्यात आले, तंत्रज्ञांना प्रशिक्षण देऊन प्रमाणित करण्यात आले व श्वासमार्ग रुंदावणारे औषध देऊन १५ मिनिटांनी परीक्षण पुन्हा करण्यात आले. प्रत्येक आलेख मध्यवर्ती केंद्रात तपासून श्रेणी दिली जाई व श्रेणी घसरलेल्या तंत्रज्ञास काम थांबवून पुन्हा शिकावे लागे. २००७ मध्ये बारा केंद्रांतील ९,४२५ व्यक्तींचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. १४ देशांतील ९,८९३ प्रौढांच्या परीक्षणांच्या केवळ गुणवत्तेवर २०११ मध्ये स्वतंत्र लेख निघाला, यावरून या बाजूला दिलेले महत्त्व दिसते. भारतातील मुंबई, पुणे, श्रीनगर व म्हैसूर येथील केंद्रांनी या सर्वेक्षणात भाग घेतला.

तुलनामूल्ये : मापन निर्दोष असले, तरी ते कोणाशी ताडावे हा प्रश्न उरतो. अमेरिकेतील राष्ट्रीय आरोग्य सर्वेक्षणाच्या १९८८–९४ च्या फेरीतून कधीही धूम्रपान न केलेल्या ७,४२९ निरोगी व्यक्तींची मापे निवडून १९९९ मध्ये तुलनामूल्ये ठरविण्यात आली. २०१२ मध्ये २६ देशांतील ७४,१८७ व्यक्तींवर आधारलेली जागतिक सूत्रे प्रसिद्ध झाली. तथापि भारतीय उपखंडातून आलेली मापे परस्परांशी जुळत नसल्याने त्यांत समाविष्ट करता आली नाहीत. ही विसंगती काही अंशी लोकांतील खऱ्या भिन्नतेची व काही अंशी मापनतंत्राच्या भिन्नतेची असणार. त्या दोहोंचा निवाडा जुन्या नोंदींवरून होऊ शकत नाही. वंशानुसार अपेक्षित मूल्ये कमी धरण्याची प्रथा तर अधिक वादग्रस्त आहे. १८५१ मध्ये सॅम्युएल कार्टराइट या अमेरिकी डॉक्टराने कृष्णवर्णीयांची फुप्फुसक्षमता कमी असल्याचे सांगून तिचा गुलामगिरीच्या समर्थनार्थ उपयोग केला होता. बालपणीचे कुपोषण, दारिद्र्य व धूर यांमुळे झालेली घट वंशाच्या नावावर नैसर्गिक मानली गेली, तर त्या समूहातील रोग दिसेनासा होतो व कामगाराची नुकसानभरपाईही घटते. अमेरिकन थोरॅसिक सोसायटीने २०२३ मध्ये वंशनिरपेक्ष सूत्रे वापरण्याची शिफारस केली.

भारतातील अनुभव : मुंबईतील के. ई. एम. रुग्णालयाचे एस. आर. कामत व त्यांच्या सहकाऱ्यांनी लालबाग, चेंबूर व खार या कमीअधिक प्रदूषित भागांतील आणि एका ग्रामीण वस्तीतील लोकांची तुलना करणारा अभ्यास केला व १९८० मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. प्रदूषणाच्या पातळ्या व श्वसनाचे विकार यांची एकत्र पाहणी करणारा हा भारतातील आरंभीचा मोठा प्रयत्न होय.

भोपाळ येथील १९८४ च्या वायुदुर्घटनेनंतरची मापने या विषयातील सर्वांत कठीण प्रकारात मोडतात. दुर्घटनेपूर्वीची मापे कोणाचीच उपलब्ध नव्हती, त्यामुळे कोणाची क्षमता किती घटली हे सरळ सांगता येत नव्हते. जानेवारी १९९४ मध्ये एका आंतरराष्ट्रीय वैद्यकीय पथकाने कारखान्यापासूनच्या अंतरानुसार वस्त्या विभागून ४५४ प्रौढांना यादृच्छिक पद्धतीने निवडले, त्यांना लक्षणांविषयी विचारले व त्यांतील ७४ जणांचे श्वासमापन केले. १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार विषारी वायूशी अधिक संपर्क आलेल्यांत लक्षणे अधिक होती व लहान श्वासमार्गांतील अवरोध सुचविणारी घट मापांतही दिसली. धूम्रपान व आर्थिक स्थिती यांनी तिचा पुरेसा उलगडा होत नव्हता. व्यक्तींची संख्या लहान असूनही हा निष्कर्ष टिकला, कारण जवळच्या व दूरच्या वस्त्यांतील माणसे एकाच रीतीने निवडलेली व एकाच रीतीने तपासलेली होती.